मत एकाचे, झळ दुसऱ्याला

1890 सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. पुढाकार होता गोपाळराव जोशी यांचा. डॉ. आनंदीबाईंचे पती आणि लोकांना पेचात पकडण्याची हौस असलेला तल्लख, विक्षिप्त माणूस म्हणून ते गावाला ठाऊक होते. सभेला न्यायमूर्ती रानडे आले होते, टिळक आले होते, शहरातली आणखी बरीच नामांकित मंडळी होती. सभा आटोपल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरला आणि खाली ठेवला. गोष्ट तिथेच विरून गेली असती. पण गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात गदारोळ उठला. सनातनी मंडळी फिर्याद घेऊन शंकराचार्यांकडे गेली, चौकशी मंडळ बसले, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद सुरू झाला. काशीला आपण आधीच प्रायश्चित्त घेतले आहे असे सांगून टिळकांनी आपली बाजू लढवली. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले. त्यांना स्वतःला बहिष्काराची फारशी भीती नव्हती. त्यांच्याबरोबर नावे छापली गेलेल्या मित्रांच्या घरी मात्र धार्मिक कार्ये अडली होती, लेकीबाळींची सासर-माहेरची ये-जा अडली होती.

या प्रकरणाची गंमत म्हणून आठवण काढली जाते, पण त्यात एक गंभीर प्रश्न आहे. छापलेली माहिती खोटी नव्हती. ती फार गुप्त होती असेही नाही. पुण्यातले कितीतरी सुशिक्षित लोक परधर्मीयांच्या हातचे खातात-पितात, हे पेठेपेठेत माहीत होते आणि त्याकडे काणाडोळा करण्याची रीतही रुळली होती. एका वर्तुळात जे चालून जात होते ते दुसऱ्या वर्तुळासमोर, नावानिशी आणि कागदावर मांडले गेले, एवढाच बदल झाला. तेवढ्यानेच ज्यांना आजवर गप्प बसता येत होते त्यांना बोलावे लागले, ज्यांनी दुर्लक्ष केले असते त्यांना न्याय करावा लागला आणि ज्या बायकामुलांनी चहाचा कप पाहिलाही नव्हता त्यांना झळ लागली. आज इंटरनेटवर माहिती आणि मते मांडताना जे सामाजिक त्रास होतात त्यांचे खापर आपण तंत्रज्ञानावर, तरुण पिढीच्या उद्धटपणावर नाहीतर खोट्या नावांवर फोडतो. मराठी छापील पत्रांच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास वेगळी खूण दाखवतो. त्रासाचे मूळ मत एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाण्यात आहे, आणि त्या प्रवासाची किंमत कोण मोजतो यात आहे. छापील जगाने या प्रश्नाचे अपुरे का होईना, एक उत्तर घडवले होते. ते उत्तर आपण मोडले आणि त्याच्या जागी अजून दुसरे उभे केले नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी माणसाला अनोळखी वाचकासमोर मत मांडण्याची सवयच नव्हती. वाद होत ते वाड्यात, देवळाच्या ओवरीत, शास्त्र्यांच्या सभेत. तिथे बोलणारा कोणत्या घरचा, ऐकणारे कोण आणि बोललेले कुठवर जाईल, हे सगळ्यांना आधी ठाऊक असे. छापील अंकाने ही खात्री काढून घेतली. अंक कोणाच्या हाती पडेल ते सांगता येईना. दहा-अकरा वर्षांतच याची चुणूक दिसली. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलाला शुद्ध करून पुन्हा जातीत घ्यावे, अशी बाजू जांभेकरांनी 1843 च्या सुमारास घेतली आणि तेवढ्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. ज्ञानाने आणि मानाने त्या काळच्या मुंबईत त्यांच्या तोडीची माणसे थोडी होती. तरी जातीच्या चौकटीत ती विद्वत्ता ढाल म्हणून उपयोगी पडली नाही. मत मांडणाऱ्याची पात्रता आणि मत मांडल्यावरची शिक्षा यांचा संबंध नसतो, हे मराठी पत्रसृष्टी अगदी लहानपणीच शिकली.

त्यातून टोपणनावाची वाट निघाली. गोपाळ हरी देशमुख 1848 मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात लिहू लागले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते आणि सरकारी नोकरीत होते. ‘लोकहितवादी’ या नावाखाली त्यांनी 1850 पर्यंत जी शंभराहून अधिक पत्रे लिहिली, त्यांत पेशवाईच्या अखेरच्या काळावर, भटशाहीवर, विद्येच्या नावाखाली चालणाऱ्या घोकंपट्टीवर इतकी कडक टीका आहे की ती खऱ्या नावाने छापली गेली असती तर लेखकाचे घर त्या दिवसापासून वेगळे पडले असते. पुढे 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने इंग्रजी पत्रे आली. ती रखमाबाईंची होती. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता आणि त्याच वेळी न्यायालयात त्यांच्यावर खटला चालू होता. टोपणनावाने त्यांना काही काळ आडोसा दिला. पण नाव उघड झाल्यावर पत्रातल्या मुद्द्यांपेक्षा लिहिणारीच्या चारित्र्याची, शिक्षणाची आणि घराची चर्चा जास्त झाली. मार्च 1887 मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला तेव्हा ‘केसरी’सारखी पत्रे त्यांच्या विरोधात उभी होती. प्रकरण पुढे पैसे देऊन मिटले आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मुद्दा खोडता आला नाही की मुद्दा मांडणाऱ्याला गाठायचे, ही चाल मोबाइलने शोधलेली नाही.

ज्यांनी नावानिशी मत मांडले त्यांचे काय झाले, तेही पाहावे. मुंबईत जून 1869 मध्ये झालेल्या पुनर्विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्यावर शंकराचार्यांचा बहिष्कार पडला. त्यांत रानडे होते आणि पुनर्विवाहाचे खंदे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडितही होते. पुढच्या वर्षी पुण्यात विधवाविवाहाला शास्त्राधार आहे की नाही यावर मोठा वाद झाला, निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला आणि पुष्कळांचे पाय डळमळले. मुंबईतच त्याआधी करसनदास मूळजींच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राने वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिले होते. 1862 मध्ये गाजलेल्या महाराज अब्रुनुकसानीच्या खटल्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी साक्ष दिली आणि करसनदास सुटले. पण खटला उभा राहण्याआधीच भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी ठराव केला होता की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देईल तर त्याला जातीबाहेर टाकू. या ठरावाबद्दल न्यायालयाने त्या पुढाऱ्यांना दंड केला. पत्रात लिहिणारा एक असतो, पण त्याच्या बाजूने खरे बोलू पाहणाऱ्या दहा जणांची तोंडे बंद करणे सोपे असते, हे त्या ठरावाने दाखवले. सार्वजनिक मताची खरी किंमत अनेकदा लेखकाऐवजी त्याच्या आसपासचे लोक मोजतात.

या सगळ्या धडपडीतून हळूहळू एक पद्धत बसत गेली आणि तिच्या मध्यभागी संपादक उभा राहिला. तीन कामे त्याच्याकडे आली. पहिले म्हणजे पत्रलेखकाचे खरे नाव स्वतःजवळ ठेवून त्याला टोपणनावाने बोलू देणे. त्यामुळे वाचकाला नाव कळत नसे, पण लेखक अगदी बेवारसही नसे, कारण कोणातरी एका जबाबदार माणसाला तो ठाऊक असे. दुसरे काम उशीर करण्याचे होते. साप्ताहिकाचा अंक आठवड्यातून एकदा निघे, मजकूर खिळ्यांनी जुळवावा लागे, मुद्रिते तपासावी लागत आणि एवढ्या वेळात पुष्कळसा राग आपोआप निवून जाई. तिसरे काम शिक्षा अंगावर घेण्याचे. 1867 च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-ठिकाण छापणे बंधनकारक केले. सरकारचा हेतू अर्थातच पाळत ठेवण्याचा होता. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की छापलेल्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी पत्त्यासह उभा आहे, हे वाचकाला दिसू लागले.

या पद्धतीची कसोटी बर्वे प्रकरणात लागली. कोल्हापूरच्या तरुण राजाला, चौथ्या शिवाजीला, वेडा ठरवून छळले जात आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप वर्षभरापूर्वीच निघालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. त्यासाठी काही पत्रांचा आधार घेतला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी खटला सोडला नाही आणि जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. राजाविषयीची काळजी अनाठायी नव्हती. डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगरला, देखरेखीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्याचा अंत झाला. म्हणजे संशय रास्त होता आणि पुरावा खोटा होता. अशा वेळी खोट्या पुराव्याची जबाबदारी कोणी घ्यायची? इथे ती पुरावा आणून देणाऱ्यावर, वाचकावर किंवा ‘असे ऐकिवात आहे’ म्हणून हवेत ढकलली गेली नाही. छापणारे दोघे तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांचे जोरदार स्वागत झाले, ते का झाले हे समजण्यासारखे आहे. चूक झाली तरी तिला धनी होता, आणि त्या धन्याने पाठ फिरवली नाही.

इथे कोणीही विचारील की या संपादकाचे एवढे गुण गाण्यासारखे काय आहे? हा आक्षेप भक्कम आहे आणि त्याला बगल देता येत नाही. संपादक दारावर बसत होता आणि दार कोणासाठी उघडायचे हे त्याची जात, त्याचे लिंग आणि त्याचे गाव ठरवत होते. जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये छापला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’ने. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि स्त्रियांच्या ‘बिघडलेल्या’ वागण्यावर पत्रांतून बरेच शहाणपण सांगितले गेले. ‘पुणे वैभव’ त्यातही होतेच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी त्याला उत्तर दिले ते 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे स्वतंत्र पुस्तक काढून. त्यावर इतकी आगपाखड झाली की जोतीरावांना आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घ्यावी लागली, आणि ताराबाईंचे त्यानंतरचे एकही लिखाण आपल्याकडे नाही. कृष्णराव भालेकरांना 1877 मध्ये ‘दीनबंधू’ काढावा लागला, कारण प्रस्थापित पत्रांत शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या म्हणण्याला जागा नव्हती. 1920 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, ही गोष्ट आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे. तेव्हा जुन्या पद्धतीने काही लोकांना आडोसा दिला तसा बहुसंख्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले. इंटरनेटने हे दार मोडले हा मोठा लाभ आहे, आणि तो परत करण्याची भाषा कोणी करू नये. पण या उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांना दार बंद होते त्यांनी संपादकाची जागा रद्द करा असे म्हटले नाही. त्यांनी आपले पत्र काढले, आपला संपादक नेमला आणि त्याच्या नावावर जबाबदारी घेतली. भालेकर आणि आंबेडकर यांचा झगडा दारावर कोण बसतो याविषयी होता. शब्दाला धनी असावा, याबद्दल त्यांचे दुमत नव्हते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अशी आणखी मराठी संकेतस्थळे निघाली. त्या काळातल्या रीती पाहिल्या तर जुन्या पत्रव्यवहाराच्या सदराची ओळख पटते. लोक टोपणनावाचा ‘आयडी’ घेत. तो वर्षानुवर्षे तोच राही आणि त्यालाच पत, इज्जत आणि शत्रू मिळत. कोणी खोटे दुसरे नाव घेऊन आले तर ‘डुआयडी’ म्हणून पकडले जाई. धागा फार पेटला की चालक तो वाचनमात्र करत. भांडणे तिथेही कडाक्याची होत, रुसून निघून जाणारेही होते. तरी वाचणारे साधारण एकाच प्रकारचे, एकाच आवडीचे आणि एकमेकांच्या खोडी माहीत असलेले होते. वर्तुळ मोठे असले तरी त्याला कड होती. ही कड पुढच्या टप्प्यावर नाहीशी झाली. फेसबुकवर माणूस आपल्या खऱ्या नावाने येतो आणि त्याच्या एकाच वाक्याचे श्रोते शाळेतले मित्र, सासरचे लोक, साहेब, गावचा पुढारी आणि पूर्ण अनोळखी माणूस असे सगळे एकदम असतात. जे बोलणे मित्राच्या कट्ट्यावर सौम्य वाटते तेच पक्षाच्या शाखेत अपमान ठरते. पंचहौद मिशनची यादी छापायला एक गोपाळराव लागला होता. आता ते काम कोणीही, सहज, बोटाने करतो आणि बहुतेक वेळा आपण ते केले हे त्याच्या लक्षातही येत नाही.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत झालेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नापसंती लिहिली. ती मजकुरापुरती पाहिली तर घरात कोणीही बोलेल अशी होती. तिला अटक झाली आणि त्या मजकुरापुढे नुसती पसंतीची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. या तीन गोष्टी ग्रामण्याच्या जुन्या नियमाने चालल्या: बोलणाऱ्याला शिक्षा, मान डोलावणाऱ्याला शिक्षा आणि ज्याने काहीच केले नाही त्या नातेवाइकाचे सर्वांत जास्त नुकसान. पुढे खटला टिकला नाही, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाखाली अशा अटका होत होत्या ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. पण कायद्याची चूक दुरुस्त होईपर्यंत जवळपास अडीच वर्षे गेली होती, आणि दवाखान्यात शिरलेल्या जमावाला कुठल्याच कलमाची गरज लागली नव्हती.

दुसरा आक्षेप असा येतो की अफवा आणि जमाव हे तर माणसाच्या पाचवीला पुजलेले आहेत, मग नव्या माध्यमाला दोष का द्यायचा? हेही खरे आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशा बातम्या गिरण्यांतून आणि चाळींतून पसरल्या आणि ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्या बातम्यांना ना तार लागली ना छापलेला कागद. तरीही 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जे घडले त्यात एक फरक आहे. बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. गिरणीकामगारांची भीती त्यांच्या डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टींतून, सक्तीने उचलून नेलेल्या शेजाऱ्यांतून आली होती. राईनपाड्याच्या आधीचे कित्येक महिने देशभर जे संदेश फिरत होते त्यांचा त्या गावांशी काडीचा संबंध नव्हता. त्यांतली एक चित्रफीत तर मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवली होती आणि शेवटचा खुलासा कापून ती पुढे ढकलली जात होती. परक्या मुलखातली भीती आपल्या गावात, आपल्या माणसाच्या नावाने येते, ही गोष्ट नवी आहे. पूर्वीची अफवा चालत येई आणि चालता चालता तिला कोणी ना कोणी अडवून विचारी. आताची अफवा कोणाच्याही दारावर न थांबता थेट घरात उतरते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे खऱ्या नावाची सक्ती. टोपणनावे बंद करा, माणसे आपोआप जपून बोलतील, असे म्हणणाऱ्यांनी वरचीच उदाहरणे पुन्हा पाहावीत. पंचहौदच्या यादीत सगळी नावे खरी होती. पालघरची तरुणी आपल्या नावाने बोलली होती आणि तिला त्रास देणाऱ्यांनाही लपायची गरज वाटली नाही. मुले पळवणाऱ्यांचे संदेश निनावी टोळ्यांकडून आले नव्हते. ते मामा, वहिनी, शाळेतला मित्र आणि गावातला ओळखीचा दुकानदार यांच्याकडून आले, आणि म्हणूनच लोकांचा त्यांवर विश्वास बसला. उलट लोकहितवादी आणि रखमाबाई यांना टोपणनाव नसते, तर मराठी समाजातले काही सर्वांत महत्त्वाचे बोलणे बोललेच गेले नसते. खऱ्या नावाची सक्ती बलवानाला काही करत नाही. ती फक्त ज्याच्या घरावर दगड येऊ शकतो त्याला गप्प करते. गरज आहे ती कोणालातरी नाव ठाऊक असण्याची. संपादक हे काम करत होता. आजच्या कंपन्यांना आपले नाव, फोन आणि सवयी सगळे माहीत असते, पण माहितीबरोबर येणारी जबाबदारी त्यांनी उचललेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 79व्या कलमाने ठरावीक अटींवर त्यांना या जबाबदारीतून मोकळीकही दिली आहे.

मग जबाबदारी घ्यायची कोणी? व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने घ्यावी, असे अनेकांना वाटते आणि पोलिसांनाही काही काळ तसे वाटत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये ते नाकारले. सदस्य घेणे आणि काढणे एवढेच ॲडमिनच्या हातात आहे, मजकूर येण्याआधी त्याला तो पाहता येत नाही, मग दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला गुन्हेगार कसे धरायचे, हा न्यायालयाचा युक्तिवाद रास्त आहे. संपादकाला शिक्षा होत होती कारण त्याला नकार देण्याचा अधिकार होता. अधिकार नसलेल्यावर शिक्षा लादणे म्हणजे जबाबदारीचे सोंग आणणे होय. कायद्यावर विसंबावे तर तोही उशिरा येतो. बहिष्कारावर कायदा आणायला महाराष्ट्राला 2016 उजाडावे लागले, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. जातपंचायतींची दहशत मोडण्यासाठी त्याचा उपयोग आहे. पण ग्रुपमधून एकमताने दुर्लक्ष करणे, लग्नाचे बोलावणे न पाठवणे, नोकरीत डावलणे, या गोष्टी कलमात बसवणे कठीण आहे. कायदा टोकाच्या गोष्टींना पकडतो आणि रोजच्या त्रासाला बाहेर सोडतो, हे बर्वे प्रकरणापासून 66अ कलमापर्यंत सारखेच दिसते.

म्हणून मला वाटते की संपादक परत आणायचा प्रयत्न करण्याऐवजी त्याची तीन कामे वेगवेगळी करून वाटून द्यावीत. उशीर करण्याचे काम यंत्राला करता येते. 2018 मध्ये भारतात व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा संदेशांचा प्रवास सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कोणाचेही मत न तपासता, कोणाची जात न विचारता केवळ पाऊल मंद करण्याने एवढा फरक पडतो, तर वेग ही निव्वळ सोय नाही, तो धोक्याचा भाग आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. नाव राखून पत्ता ठेवण्याचे काम कायद्याने कंपन्यांवर टाकता येईल, मात्र ते नाव सरकारने मागितले की न्यायालयाच्या परवानगीशिवाय देता येणार नाही, ही अट हवीच. 1867 च्या कायद्यामागची पाळत आपण विसरू नये. तिसरे काम शिक्षा अंगावर घेण्याचे, म्हणजे बोलणाऱ्याच्या आसपासच्या माणसांना तिची झळ लागू न देण्याचे; ते यंत्राने किंवा कलमाने होणारे नाही. ते समाजाच्या रीतीचे काम आहे. पुतणीच्या मतासाठी काकाचा दवाखाना फोडायचा नाही, मित्राच्या चहासाठी त्याच्या मुलीचे माहेरपण अडवायचे नाही, ही समज कोणत्याही अर्जावर टिचकी मारून येत नाही.

या शेवटच्या कामाबाबत एवढ्या वर्षांत काहीच बदलले नाही असे मात्र म्हणता येत नाही. आगरकरांच्या हयातीतच लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी ‘सुधारक’ चालवला आणि ज्या सुधारणांसाठी त्यांना शिव्या खाव्या लागल्या त्यांतल्या बहुतेक आज घरोघरी रुळल्या आहेत. ग्रामण्याची शक्ती क्षीण झाली ती एखाद्या निकालाने नव्हे. शिक्षा भोगायला तयार असलेली माणसे वाढली, शिक्षा करणाऱ्यांना मदत करायला नकार देणारे शेजारी वाढले, आणि बहिष्कृताच्या घरी जेवायला जाणारे हळूहळू इतके झाले की बहिष्काराला अर्थ उरला नाही. आजच्या माध्यमात हे शेजारी म्हणजे आपण सगळे, वाचणारे आणि पुढे पाठवणारे. मत मांडणाऱ्याला धैर्य दाखवायला सांगणे सोपे आहे, पण इतिहासात निर्णायक ठरले ते त्याच्या आसपासच्यांचे वागणे. दुसऱ्याचे न पटणारे मत वाचून त्याचा पत्ता, नोकरी किंवा नातेवाईक न शोधणे, आणि आलेला मजकूर आपल्या नावाने पुढे पाठवण्याआधी आपण त्याचे प्रकाशक होत आहोत हे ओळखणे, या दोन सवयी लागल्या तर संपादकाशिवायही सार्वजनिक बोलणे चालू शकेल. त्या लागल्या नाहीत, तर कितीही नवे कायदे झाले तरी प्रायश्चित्त घ्यायची पाळी नेहमी चुकीच्या माणसावर येत राहील.